युरोपियमचं लेबल लावून डीएनए ओळखायचा तर

लँथनाइडच्या (युरोपियम, टर्बियम, समेरियम अशा धातूंच्या) कामाला नव्याने लागलेला विद्यार्थी सहसा पहिला प्रश्न विचारतो, "सिग्नल कसा वाढवायचा?" खरं तर या तंत्रात सिग्नलची वानवा नसते. रडवतो तो ब्लँक. ज्या वेलमध्ये काहीच नाही तिचं रीडिंग खाली ठेवायला जमलं, की निम्मी लढाई जिंकली. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत. पीसीआर करता येतो, ऑलिगो मागवता येतो, पण आवर्तसारणीच्या तळातल्या त्या ओळीशी अजून गाठ पडलेली नाही, अशा वाचकासाठी हे आहे.

गरज आहे का, ते आधी पाहा

रिअल-टाइम पीसीआरचं मशीन हाताशी आहे, नमुना स्वच्छ आहे आणि एकच जनुक शोधायचं आहे, तर फ्लुओरेसिन या रंगद्रव्याचा साधा प्रोब (लक्ष्य क्रमावर जुळून बसणारा लहान ऑलिगो) वापरा आणि वेळेवर घरी जा. लँथनाइडचा खरा उपयोग होतो तो नमुना स्वतःच चमकत असेल तेव्हा. रक्तद्रव, पानांचा अर्क, अगदी पॉलिस्टायरीनची प्लेटसुद्धा अतिनील प्रकाशात चमकते. दुसरं निमित्त म्हणजे एकाच वेलमध्ये दोन-तीन क्रम वेगवेगळे ओळखायचे असणं. युरोपियम ६१५ नॅनोमीटरला, टर्बियम ५४५ ला, समेरियम ६४३ च्या आसपास अशा काडीसारख्या बारीक रेषा देतात, त्या एकमेकींत फारशा मिसळत नाहीत. फिनलंडमधल्या तुर्कूत नवजात बाळांच्या रक्तातून टाइप १ मधुमेहाचा जनुकीय धोका तपासताना हीच तीन लेबलं एकत्र वापरली गेली.

तुर्कूचं नाव या विषयात पुन्हा पुन्हा भेटेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वॉलॅक कंपनीत एर्क्की सोइनी, इल्क्का हेमिला आदी मंडळींनी लँथनाइडची रेंगाळणारी चमक मोजणारी डेल्फिया ही पद्धत बसवली. ती मुळात प्रतिपिंडांच्या चाचण्यांसाठी होती. १९८६ मध्ये सिव्हानेन आणि सहकाऱ्यांनी हीच मोजणी डीएनए संकरांसाठी (एकमेकांना जुळून बसलेल्या पदरांसाठी) चालते हे दाखवलं. १७९४ मध्ये इट्रिया वेगळा करून दुर्मिळ मृदांच्या (लँथनाइड ज्यांत मोडतात त्या मूलद्रव्यांच्या) रसायनाची सुरुवात करणारे योहान गॅडोलिन हेही तुर्कूचेच, तिथल्या अकादमीत रसायनशास्त्राचे प्राध्यापक. निव्वळ योगायोग, पण मजेचा.

चमक उशिरापर्यंत का टिकते

युरोपियमचा त्रिधन आयन स्वतःहून प्रकाश जवळजवळ घेतच नाही. त्याच्या एफ कक्षकांमधल्या संक्रमणांना क्वांटम नियमांची आडकाठी आहे, त्यामुळे मोलर शोषकता १० च्या खाली राहते. फ्लुओरेसिनची ७०,००० च्या वर जाते. म्हणून आयनाला खेटून एक सेंद्रिय रेणू बसवावा लागतो. तो अतिनील प्रकाश शोषतो आणि ऊर्जा आयनाच्या हवाली करतो. याला अँटेना म्हणतात. युरोपियमच्या संयुगांत ही देवघेव वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिली होती.

आडकाठीला दुसरी बाजूही आहे. ऊर्जा आत शिरणं जसं अवघड, तसं बाहेर पडणंही अवघड. साध्या रंगद्रव्याची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, युरोपियमची मिलिसेकंदाच्या घरात रेंगाळते. यंत्र याचाच फायदा घेतं. ३४० नॅनोमीटरचा फ्लॅश मारायचा, ४०० मायक्रोसेकंद गप्प बसायचं, मग पुढचे ४०० मायक्रोसेकंद मोजायचं आणि एक मिलिसेकंद पूर्ण झाला की पुन्हा फ्लॅश. एका सेकंदात अशा १,००० फेऱ्या.

एवढं थांबून आपलाही प्रकाश वाया जात नाही का? जातो, पण हिशेब करून पाहा. डेल्फियाच्या एनहान्समेंट द्रावणात (चमक आणायला शेवटी घालतात त्या द्रावणात) युरोपियमचा आयुःकाल, म्हणजे चमक ओसरण्याचा काळ, साधारण ७३० मायक्रोसेकंद असतो. ४०० नंतर ५८ टक्के शिल्लक राहतो, ८०० नंतर ३३ टक्के. म्हणजे मोजणीच्या विंडोत हाती लागतो तो एकूण प्रकाशाचा जेमतेम पाव हिस्सा. तीन चतुर्थांश आपण मुद्दाम सोडतो, कारण त्या बदल्यात नमुन्याचा आणि प्लेटचा जवळजवळ सगळा फ्लुओरेसन्स, शिवाय दिव्याचा विखुरलेला प्रकाश गळून पडतो. सौदा चांगला आहे. समेरियमचा आयुःकाल ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास, त्यामुळे त्याला इतकं थांबवता येत नाही. डिले, म्हणजे थांबण्याचा वेळही, ५० च्या जवळपास ठेवावा लागतो आणि पार्श्वभूमी वाढते. तिन्ही लेबलांना एकच सेटिंग लावू नका.

या चमकेचे दोन शत्रू लक्षात ठेवा. पहिला पाणी. आयनाला थेट चिकटलेल्या पाण्याचा ओ-एच बंध ऊर्जा कंपनांत उधळून टाकतो. नुसत्या पाण्यातल्या युरोपियम आयनाचा आयुःकाल म्हणूनच ०.११ मिलिसेकंदावर येतो. दुसरा शत्रू म्हणजे चुकीचा अँटेना. युरोपियमची उत्सर्जक पातळी सुमारे १७,२०० प्रति सेंटीमीटरवर (हे इथे ऊर्जेचं एकक) आहे, टर्बियमची २०,५०० च्या आसपास. अँटेनाची ट्रिप्लेट पातळी (जिच्यावरून तो आयनाला ऊर्जा देतो ती) याहून बरीच वर हवी, नाहीतर ऊर्जा उलटी परत जाते. युरोपियमसाठी झकास चालणारा नॅफ्थॉइल-ट्रायफ्लुओरोॲसिटोन हा अँटेना टर्बियमला निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. टर्बियमसाठी वेगळं द्रावण घ्यावं लागतं.

लेबल निवडणं

बाजारात आणि शोधनिबंधांत नावं पुष्कळ दिसतील, पण घराणी दोनच. पहिल्या घराण्यात लेबल स्वतः चमकत नाही. ते युरोपियमला फक्त घट्ट धरून ठेवतं. सगळं धुऊन झालं की आम्लधर्मी, पीएच ३.२ च्या आसपासचं एनहान्समेंट द्रावण घालायचं. आयन सुटतो, द्रावणातले डायकीटोन (वरच्या नॅफ्थॉइलसारखे अँटेना) त्याला पकडतात, ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड पाण्याची उरलेली जागा अडवतं आणि ट्रायटॉन एक्स-१०० या डिटर्जंटचे मायसेल (रेणूंचे सूक्ष्म गोळे) त्या सगळ्याला पोटात घेतात. ही डेल्फियाची रीत. दुसऱ्या घराण्यात आयन आणि अँटेना एकाच रेणूत कायमचे बांधलेले असतात: कार्बोस्टायरिल-१२४ हा अँटेना जोडलेला डीटीपीए (धातूचा आयन घट्ट पकडणारा रेणू), किंवा ज्याँ-मारी लेन यांच्या क्रिप्टँडच्या (आयनाला पिंजऱ्यासारखं कोंडणाऱ्या रेणूंच्या) वाटेने आलेले बायपिरिडीनचे क्रिप्टेट.

माझं मत विचाराल तर सुरुवात पहिल्या घराण्याने करा. लेबल लहान असतं, पाण्यात विरघळतं, एका प्रोबवर अनेक लावली तरी ती एकमेकांची चमक मारत नाहीत, आणि युरोपियमची मोजणी प्रतिलिटर १०⁻¹³ मोलच्याही खाली पोचते. उणीव ही, की आयन सुटून द्रावणभर पसरतो, म्हणून पेशीत लेबल कुठे बसलंय ते दिसत नाही. बंद नळीतला पीसीआरही यावर होत नाही. त्या कामांना दुसरं घराणं.

हात बसवायला: टर्बियम आणि ग्वानीन

महागडं लेबल मागवण्याआधी एक स्वस्त प्रयोग करा. एकपदरी डीएनएमधलं ग्वानीन स्वतःच टर्बियमचा अँटेना बनतं. दुपदरी डीएनएमध्ये बेस आत बंद असल्याने चमक खूपच कमी मिळते. टोपाल आणि फ्रेस्को यांनी १९८० मध्ये न जुळलेल्या बेसचा शोध घ्यायला हेच वापरलं.

एक जी-युक्त ऑलिगो घ्या आणि त्याचा पूरक ऑलिगो घ्या. पाइप्स किंवा हेपेस बफर, पीएच ७ च्या आत; टर्बियम क्लोराइड काही दहा मायक्रोमोलर. जुन्या निबंधांत कॅकोडायलेट बफर दिसेल, पण त्यात आर्सेनिक आहे, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पीएच ७.५ च्या वर गेला की टर्बियम हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसू लागतो. क्वार्ट्झची क्युव्हेट वापरा, कारण प्लॅस्टिक २९० नॅनोमीटरचा प्रकाश खाऊन टाकतं.

उत्तेजन २९० ला द्या आणि ५४५ ची रेषा पाहा. इथे बरेच जण एका सापळ्यात अडकतात. उत्तेजन २७३ ला दिलं, तर मोनोक्रोमेटरच्या जाळीतून त्याचा दुसरा क्रम बरोबर ५४६ ला उमटतो. टर्बियम असो वा नसो, "सुंदर टर्बियमची रेषा" दिसते. युरोपियमला हाच घोळ ३०८ आणि ६१६ चा. उत्सर्जनाच्या बाजूला ३५० च्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लावा, आणि टर्बियमशिवायची क्युव्हेट प्रत्येक वेळी वाचा. एकपदरी आणि दुपदरीत स्पष्ट फरक दिसला की यंत्र, बफर आणि तुमचा हात तिन्ही जागेवर आहेत असं समजा.

प्रोबला लेबल लावणं

५' टोकाला सहा कार्बनच्या साखळीवर अमिनो गट असलेला ऑलिगो मागवा. लेबल आयसोथायोसायनेटच्या रूपात मिळतं आणि अमिनो गटाला जोडलं जातं. इथेच ट्रिस आड येतो: तोही प्राथमिक अमाइन, त्यामुळे लेबल ऑलिगोला सोडून त्यालाच बिलगतं. संश्लेषणातून राहिलेला अमोनियाही तेच करतो. म्हणून ऑलिगो आधी सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉलने खाली बसवून घ्या, मग पीएच ९.५ च्या आसपासच्या कार्बोनेट बफरमध्ये विरघळवा. लेबल २० ते ५० पट जास्त. रात्रभर ठेवा.

सकाळी मुक्त लेबल काढून टाकायचं. सेफाडेक्स जी-२५ चा स्तंभ पुरतो, पण माझा आग्रह पुढे उलट-प्रावस्था एचपीएलसीही करण्याचा राहील, कारण लेबल न लागलेला ऑलिगो स्तंभात वेगळा होत नाही आणि पुढे तोच लक्ष्यावर जागा अडवून बसतो. स्तंभ आधी ईडीटीएने (तेही धातू पकडतं) धुऊन नंतर भरपूर पाण्याने काढा. आधीच्या माणसाने त्यातून काय सोडलंय, कोणास ठाऊक.

मग गुणोत्तर तपासा. समजा २० बेसच्या तुमच्या ऑलिगोची २६० नॅनोमीटरची शोषकता ०.४० आली आणि मोलर शोषकता २,००,००० आहे, तर तो २ मायक्रोमोलर. त्यातला थोडा भाग हजारो पट पातळ करून एनहान्समेंट द्रावणात युरोपियम स्टँडर्डशी ताडून पाहिला आणि युरोपियम १.५ मायक्रोमोलर निघाला. म्हणजे दर ऑलिगोमागे ०.७५. छान. एकच अमिनो गट असताना हा आकडा १.३ किंवा २ आला तर आनंदून जाऊ नका. मुक्त लेबल राहिलंय किंवा सुटा युरोपियम डीएनएच्या फॉस्फेट कण्याला चिकटलाय, आणि उद्या तोच प्लेटवर ब्लँक चढवणार.

साठवताना ट्रिस, पीएच ७.५, लहान लहान भाग, उणे २० अंश. टीई बफर नको, त्यात ईडीटीए असतं.

प्लेटवरचा प्रयोग

पीसीआरच्या दोन प्रायमरांपैकी एकावर बायोटिन लावा. उत्पादनातले ५ ते १० मायक्रोलिटर स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेल्या वेलमध्ये, ट्रिस आणि मीठ असलेल्या बफरमध्ये घाला आणि अर्धा तास हलवा. इथे हिशेब विसरू नका: ५० मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये बायोटिनचा प्रायमर ०.२ मायक्रोमोलर असेल, तर तो १० पिकोमोल झाला. १० मायक्रोलिटर घेतले की त्यातले २ पिकोमोल बायोटिन वेलमध्ये आलं, आणि वेलची धारणशक्ती काही पिकोमोलांचीच असते. उत्साहाने ४० मायक्रोलिटर ओतलेत तर न वापरलेला प्रायमरच सगळ्या जागा बळकावतो. जास्त नमुना, कमी सिग्नल! प्रायमरची मात्रा पीसीआरमध्येच उतरवणं हा सोपा उपाय.

धुवा. मग ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड पाच मिनिटं. बिनबायोटिनचा पदर सुटून जातो. पुन्हा धुवा. आता लेबल लावलेला प्रोब १ नॅनोमोलरच्या आसपास, १०० मायक्रोलिटर, म्हणजे १०० फेमटोमोल. बफरमध्ये ट्रिस, १ मोलर सोडियम क्लोराइड, थोडं ट्वीन-२०. तापमान प्रोबच्या वितळणबिंदूच्या काही अंश खाली. एका बेसचा फरक ओळखायचा असेल तर ते तुम्हालाच दोन-तीन अंशांच्या पावलांनी शोधावं लागेल, कॅल्क्युलेटरच्या भरवशावर राहू नका.

आणि सवयीने एसएससीची बाटली उचलू नका. हायब्रिडायझेशन म्हटलं की हात तिकडेच जातो, पण २० पट एसएससीमध्ये ०.३ मोलर साइट्रेट असतं आणि साइट्रेट लँथनाइडला धरतं. एसएसपीई तर त्याहून वाईट: त्यात फॉस्फेटही आहे आणि ईडीटीएही. फॉस्फेट सुट्या लँथनाइडला अविद्राव्य करून टाकतं, ईडीटीए कमजोर लेबलमधून आयन ओढून घेतं. डेल्फियाच्या बफरमध्ये मात्र २० मायक्रोमोलर डीटीपीए मुद्दाम घातलेला असतो. तो सुट्या युरोपियमला उचलतो, पण लेबलमधला आयन उदासीन पीएचला इतक्या सावकाश बदलतो की चाचणीच्या वेळेत फरक पडत नाही.

शेवटी सहा वेळा धुवा, प्लेट टिश्यूवर नीट आपटून कोरडी करा, २०० मायक्रोलिटर एनहान्समेंट द्रावण घाला, पाच-दहा मिनिटं हळू हलवा आणि वाचा.

प्रत्येक प्लेटवर या वेल हव्यातच: साच्याविना केलेला पीसीआर, पीसीआर न घालता नुसता प्रोब, नुसतं एनहान्समेंट द्रावण, आणि १ नॅनोमोलर युरोपियम स्टँडर्ड. नुसत्या द्रावणाच्या वेल आणि नुसत्या प्रोबच्या वेल यांतला फरक तुम्हाला सांगतो की त्रास घाणीचा आहे की न धुतलेल्या प्रोबचा. शोधमर्यादा काढताना ब्लँकच्या सरासरीत त्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवतात. म्हणून ब्लँक दोन वेलचा नको, आठ-दहाचा घ्या.

ब्लँक चढला, आता काय

बहुतेक वेळा दोषी असते पिपेट. एनहान्समेंट द्रावण युरोपियमचा कणही सोडत नाही. तेच तर त्याचं काम आहे. ज्या पिपेटने सकाळी नॅनोमोलर प्रोब मोजला, तिच्याच नळीला तो लागलेला असेल आणि दुपारी तुम्ही तिनेच द्रावण घातलंत, तर वेलमध्ये तो दिसणारच. द्रावणासाठी वेगळी पिपेट, वेगळा ट्रे, वेगळं कपाट ठेवा. टोक वेलच्या कडेला लागू देऊ नका. उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका. काचेची भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून, ईडीटीएने विसळून, मग शुद्ध पाण्याने काढा.

पिपेट निर्दोष निघाली तर पाणी तपासा, मग आसपास पाहा. आधुनिक फ्लुओरेसंट ट्यूबलाइटच्या (एलईडीच्या नव्हे) आतला पांढरा थर म्हणजे लाल रंगासाठी युरोपियम आणि हिरव्यासाठी टर्बियम घातलेली भुकटी. लॅबमध्ये ट्यूब फुटली असेल, तर टेबल पुसल्याशिवाय काम सुरू करू नका.

सगळ्या वेल एकसारख्या वर गेल्या असतील आणि पाच मिनिटांनी पुन्हा वाचल्यावर खाली आल्या, तर घाण नाही. पांढऱ्या प्लेटने खोलीतला उजेड पिऊन ठेवलाय आणि ती तो सावकाश सोडतेय. वाचण्याआधी प्लेट यंत्रात अंधारात दहा मिनिटं राहू द्या.

ब्लँक ठीक पण सिग्नल मेलेला असेल, तर संशय लेबलवर. चमकणाऱ्या दुसऱ्या घराण्यातलं लेबल असेल तर आयुःकाल मोजा, तो खोटं बोलत नाही. हॉरॉक्स आणि सडनिक यांनी १९७९ मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: साध्या पाण्यातल्या आयुःकालाचा व्यस्त, त्यातून जड पाण्यातल्याचा व्यस्त वजा, युरोपियमसाठी गुणिले १.०५, टर्बियमसाठी ४.२, आयुःकाल मिलिसेकंदांत. समजा ०.६२ आणि २.३ आले, तर उत्तर १.२४, म्हणजे आयनाला साधारण एक पाण्याचा रेणू चिकटलाय. डीटीपीएच्या जातीच्या लेबलला हे शोभतं. तीन-चार आले तर लेबल सुटत चाललंय. जड पाणी म्हटलं की विद्यार्थी बिचकतात, पण ते आपल्या रायगड जिल्ह्यात थळच्या कारखान्यात तयार होतं, आणि या मोजणीला मिलिलिटरभर पुरतं.

धुणं टाळायचं असेल तर

प्लेट जमली की बंद नळीकडे वळा. १९९० मध्ये ओझर आणि व्हॅलेट यांनी एक नामी युक्ती मांडली: एका ऑलिगोवर टर्बियम, दुसऱ्यावर अँटेना, आणि दोघे लक्ष्यावर शेजारी-शेजारी बसले तरच तिघांचं संयुग जमून चमक येते. तुर्कू विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये याच धर्तीवर युरोपियमचे जोडप्रोब केले. लक्ष्य नसेल तर दोन्ही तुकडे अंधारेच राहतात, त्यामुळे धुवायची गरज पडत नाही. ब्लँकची लढाई इथे रसायनच लढतं.

दुसरी वाट ऊर्जा हस्तांतरणाची: टर्बियम दाता, शेजारी रंगद्रव्य ग्राहक. दात्याचा आयुःकाल मिलिसेकंदांत असल्याने ग्राहकाची चमकही लांबते आणि गेट लावून, म्हणजे फ्लॅशनंतर थांबून, मोजता येते. एरवी नॅनोसेकंदांत विझणारं रंगद्रव्य १०० मायक्रोसेकंदांनंतरही उजळलेलं दिसलं, तर त्याला ऊर्जा टर्बियमकडूनच मिळतेय.

जोडप्रोब करून पाहणार असाल, तर दोघांच्या मधली फट शून्य, एक, दोन आणि तीन बेस अशा वेगवेगळ्या रचना एकदमच मागवा. लिंकरची लांबी आणि फट यांचा मेळ कागदावर नेमका ठरत नाही, आणि ऑलिगो पुन्हा मागवण्यात आठवडे जातात.